तांडेलाचं मेमरी कार्ड

रत्नागिरीत लॅपटॉप-मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं की धंदा चालेलच असं नाही, किस्से मात्र ढीगभर साठतात. मी आणि माझा पार्टनर दिगू, आम्ही मशीन उघडण्याआधी गिऱ्हाइकाला बोलू देतो. निम्मा बिघाड तिथंच कळतो.

एक रिटायर्ड गुरुजी. त्यांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून आम्ही वेगवान एसएसडी घातली. आठवड्यात तक्रार घेऊन हजर. "पूर्वी बटण दाबून मी आंघोळीला जायचो. बाहेर येईपर्यंत हा तयार. आता मी बाहेर येतो तर हा झोपलेला!"

दिगू म्हणाला, "गुरुजी, आधी आंघोळ उरका." ते काही त्यांना पटलं नाही. शेवटी आम्ही स्लीपची वेळ वाढवून दिली.

मालगुंडच्या एका काकूंनी लेकीच्या पातळ लॅपटॉपवर सोलकढी सांडली. फोनवर म्हणाल्या, "तांदळात ठेवलाय. पण उकड्या तांदळात. सुरय, न उकडलेले, घ्यायला हवे होते का?" कीबोर्डातून कण्या काढता काढता मी टेकीला आलो.

मग एकजण जत्रेतला पेनड्राइव्ह घेऊन आला. "सगळं आत जातं हो, परत काही येत नाही." दिगू मान वर न करता म्हणाला, "मुंबईला गेलेला भाऊ दिसतोय." त्या माणसाचा भाऊ खरंच मुंबईला होता. त्यानं दिगूला चहा पाजला.

आणि हर्णेचा तांडेल. स्वतःची बोट, स्वतः चालवणारा. बोटीच्या जीपीएसचं मेमरी कार्ड बिघडलेलं. मासळी कुठं लागते ते सगळे पॉइंट त्यात, बापानं दाखवलेलेसुद्धा. सीझन तोंडावर आलेला.

"दापोलीत दुकानं नाहीत का?" मी विचारलं.

"हायत. त्या दुकानवाल्यांच्या घरात बोटी पण हायत." मग मला निरखून म्हणाला, "तू बोटीत बसतोस?"

"नाही, उलट्या होतात."

"मग तूच कर."

दोन दिवस डोकं फोडलं, निम्मेच पॉइंट परत आले. मला फार वाईट वाटलं. त्याला काय तोंड दाखवायचं, या विचारात होतो, तेवढ्यात एक तरुण दुकानात आला. तांडेलाचा मुलगा. बापाशी भांडून त्यानं वेगळी बोट केली होती, दोघांत बोलणं बंद. कार्डाचं त्याला आईनं सांगितलं होतं.

त्यानं स्वतःचं कार्ड टेबलावर ठेवलं. "जे मिळालं नाय ते यातलं भरा. त्यांना बोलू नका."

आम्ही त्याचे सगळे पॉइंट नव्या कार्डात भरले.

दुसऱ्या दिवशी तांडेल आला. आम्हाला मागं सरकवून त्यानं खांद्यावरचा टॉवेल स्वतःच्या डोक्यावरून स्क्रीनवर टाकला आणि आत बघत बसला. दिगूनं माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं.

"माझे एवढे नव्हते," टॉवेलाच्या आतून आवाज आला.

दिगू उगाच स्क्रू मोजायला लागला.

टॉवेल बाजूला करून तो बोलला, "लांब जायला लागलाय पोरगा."