दादाला तहान लागली होती

दीड महिन्यापूर्वी सकाळी साडेनऊच्या सुमारास शालिनीवहिनींचा फोन आला. “भाऊजी, हे उठून नाही राहिले...” एवढंच म्हणाल्या. आवाज शांत होता, दूधवाला आला नाही असं सांगावं तसा. मी चपला घालून निघालो. नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीतून दादाच्या घराकडे, कळमन्याला जाणारा ऑटो मिळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावर उभा होतो, आणि तेवढ्या वेळात मला रडू आलं नाही. प्रभाकरदादा गेला हे कळलं होतं. पण कोणता दादा गेला, असा एक विचित्र प्रश्न डोक्यात घोळत होता.

मी ओळखत होतो तो दादा कळमन्याच्या बाजारात मापारी होता. शेतकऱ्यांच्या मालाचं वजन करायचं, हे त्याचं काम. मापात हात सरळ, जीभ मात्र तिखट. पोतं उचलायला कोणी उशीर केला की त्याच्या मागच्या तीन पिढ्यांचा उद्धार व्हायचा. कपड्यांचा शौक मोठा. कडक इस्त्रीचा सदरा, बोटात अंगठी, आणि घरातून निघण्याआधी आरशासमोर पाच मिनिटं. “माणसानं आपल्या वटीत राहावं,” असं तो म्हणायचा, आणि ती वट जरा कुठे दुखावली की माणूस कायमचा तोडायचा. मलाही त्याने असंच तोडलं. चूक माझी होती. वडील गेल्यावर काटोलजवळची संत्र्याची बाग आम्हां दोघांत अर्धी-अर्धी झाली. मी कचेरीतला कारकून, शेतीत जीव रमत नव्हता. माझा वाटा मी एका परक्या माणसाला विकून टाकला. दादाला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही. त्याला ते बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्या संध्याकाळी माझ्या दारात उभा राहून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “आजपासून मले भाऊ नाही.” मी आतून दार लावून घेतलं. मग अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. नात्यातल्या लग्नांत एकाच मांडवाखाली दोन टोकांच्या पंगतींत जेवलो.

मग एक दिवस बाजारातून परतताना तो मोटरसायकलवरून घसरला आणि डोकं दुभाजकावर आपटलं. दोन दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा बोलत होता, चालत होता, ताटातलं नीट जेवत होता. फक्त आपण कोण हे त्याला माहीत नव्हतं. बायको समोर उभी, तर तिला ‘बाई’ म्हणून हाक मारत होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू आठवेल, किंवा काही आठवणारही नाही. हे सगळं मला नातेवाइकांकडून कळत होतं. मी दवाखान्यात गेलो नाही. ज्याने मला भाऊ मानायचं सोडलं, त्याच्या खाटेशी कोणत्या तोंडाने उभा राहू, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं तर भीती वाटत होती.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी दुपारी दारावर थाप पडली. उघडून पाहतो तर दादा. अंगात साधा पांढरा सदरा, मिशी काढून टाकलेली, कपाळावर टाक्यांची खूण. माझ्याकडे नीट निरखून पाहत म्हणाला, “तू सुधाकर काय गा?” मी हो म्हणालो. “मंग आत घे ना. भूक लागून राहिली मले.” माझ्या बायकोने ताट वाढलं. त्याने वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पुढच्या रविवारी तू ये.” त्या दिवशी मी त्याला काहीच सांगितलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्याला काही आठवत नाही, म्हणूनच हे प्रेम आपल्याला मिळतंय, हे मला कळत होतं. दुसऱ्याच्या नावाने आलेली वस्तू ठेवून घ्यावी, तसे मी ते रविवार ठेवून घेत गेलो.

त्याच्या घरी गेलो तेव्हा कपाट जवळपास रिकामं होतं. वहिनी सांगत होत्या, दवाखान्यातून आल्यावर त्याने ते उघडलं, एकेक सदरा हातात घेतला आणि विचारलं, “एवढे सारे एकाच माणसाचे व्हय?” दोन जोड ठेवून बाकीचे बाजारातल्या हमालांना वाटून टाकले. अंगठी लेकीला दिली. हा त्याग वगैरे नव्हता. त्याला त्या वस्तूंची ओळखच पटत नव्हती. लोक येऊन त्याच्या जुन्या रागाचे किस्से सांगत, तेव्हा दूरच्या गावच्या एखाद्या नातेवाइकाची हकिगत ऐकावी तसा तो ऐकायचा. कधी हसायचा. “लयच तापट होता म्हणा की तो.”

आमच्यात शिकलेला मी. निवृत्तीनंतर मी अध्यात्माची बरीच पुस्तकं वाचली होती, ‘मी कोण’ या विषयावर तासभर बोलू शकत होतो. एकदा अंगणात बसलो असताना असंच काहीतरी बोलत होतो. दादा संत्रं सोलत होता. मध्येच थांबून म्हणाला, “सुधाकर, मी शुद्धीवर आलो ना, तवा नाव नव्हतं, गाव नव्हतं, बायको ओळखू येत नव्हती. पण तहान लागली होती. ज्याले तहान लागली तो कोण होता गा?” मी पुस्तकातलं उत्तर आठवू लागलो. त्याला ते कुठे हवं होतं... त्याने अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. शेवटी मलाच ते ओझं झेपेना. गेल्या वर्षी एका रविवारी मी त्याला सगळं सांगून टाकलं... बाग, परका माणूस, लावून घेतलेलं दार. तो ऐकत राहिला. “माहीत आहे मले,” म्हणाला. केव्हापासून, असं मी विचारलं. “लय दिवस झाले. हळूहळू आठवलंही सारं. तुले घातलेल्या शिव्या आठवल्या. राग मात्र काही आठवला नाही. आता तो काहून शोधत बसू?”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास.”

त्याने मला माफ केलं असं मी त्या दिवशी समजलो. तेही पूर्ण खरं नव्हतं, हे तेराव्यानंतर कळलं. वहिनी त्याची खोली आवरत होत्या. आवरायला होतंच काय! एक खाट, एक तांब्या, दोन जोड कपडे. खिडकीतलं चष्म्याचं घर उघडून त्यांनी त्यातून घडीवर फाटत आलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. अक्षर वहिनींचं होतं. ‘तुमचं नाव प्रभाकर. मी शालिनी, तुमची बायको. मुलगी वर्षा, पुण्याला असते.’ आणि खाली, ‘सुधाकर, लहान भाऊ, नंदनवन. अकरा वर्षं बोलणं नाही.’ शेजारी माझा पत्ता.

“हे केव्हा लिहिलंत?”

“दवाखान्यातून घरी आणलं तवाच. रोज वाचत जा म्हटलं होतं त्यायले.”

“म्हणजे माझ्याकडे पहिल्यांदा आला, तेव्हा हे वाचलं होतं त्याने?”

“वाचूनच तर निघाले होते,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हटलं, अहो, बोलणं नाही तिकडं. तर म्हणाले, अकरा वर्षं झाली ना, मंग आता जाऊनच येतो.”

मी कागदाची घडी होती तशी घातली आणि चष्म्याच्या घरात परत ठेवली. मी अजूनही दर रविवारी जातो. वहिनी चहा करतात, मी त्या खोलीत खाटेच्या कडेला बसतो. खिडकीत ते चष्म्याचं घर बंद असतं. मी उघडून पाहत नाही. त्यात माझं नाव आहे आणि ते वाचूनच दादा माझ्या दारी आला होता, एवढं मला पुरतं.