शिवरे ते वेल्हे, नारळांसकट

वैशाखात शहाणा माणूस दुपारी अंगणातसुद्धा उतरत नाही. माझ्या मुलाने त्याच वैशाखात बायको, दोन पोरं आणि मी, एवढ्यांना सायकलीवर घालून शिवऱ्याहून वेल्ह्याला न्यायचं ठरवलं. संदीप पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवसभर गार खोलीत बसून त्याला उन्हाचा विसर पडलाय, असं माझं मत. त्याचं मत असं, की मुलांना अनुभव मिळाला पाहिजे. मी चौथी शिकले आणि पुढे गुरांमागे गेले. अनुभव माझ्याकडे इतका साठलाय, की कुणाला हवा असेल तर पोत्याने देईन.

"पोरं जाणार तर मी बी येणार," असं मी म्हणाले ते त्याने बेत सोडावा म्हणून. त्याने बेत सोडला नाही. तो बॅटरीवर चालणारी एक लांबलचक सायकल घेऊन आला. तिच्या मागे गादी होती आणि धरायला दांडी होती; चालवणार तो. "आई, ही तुझी जागा," म्हणाला. मग मला निघणं भाग पडलं. वेल्ह्याच्या पुढे चढावर माझ्या माहेरची वाडी आहे. तिथपर्यंत जायचं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सामानाची वजनं झाली. मासळीवाल्याकडे असतो तसा एक लटकता काटा त्याने आणला होता. वजन कमी व्हावं म्हणून सगळ्यांच्या दात घासायच्या ब्रशांचे दांडे त्याने अर्धे कापले होते. माझी पानाची चंचीही त्याने काट्याला लावली.

"आई, एवढी सुपारी लागते?"

"चंची न्हाई तर मी न्हाई."

चंची आली.

माझी नात इरा आठ वर्षांची. तिला स्वतःची छोटी सायकल होती. चार वर्षांचा ओम त्याच्या आईच्या सायकलीला जोडलेल्या भगव्या कापडी गाडीत बसायचा. इराची वेणी घालत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "आजी, तो शेवटचा चढ मला नाही जमला तर?"

"तर उतरायचं."

"बाबा सगळ्यांना सांगून बसलेत, मी एकटी चढणार म्हणून. फोनवर टाकलंय."

मी वेणी घट्ट बांधली.

सकाळी हायवेच्या कडेच्या रस्त्याने निघालो. बाजूने ट्रक जाताना सायकल अशी हलायची, की मी सगळ्या देवांची नावं घेऊन संपवली. एका वस्तीपाशी पोरांचा घोळका ओरडत मागे लागला. भगवी गाडी आणि वर झेंडा बघून त्यांना वाटलं कुल्फीवाला आला. आत ओम निघाला तेव्हा पोरांची फार निराशा झाली. ओमचीही झाली, कारण त्यालाही कुल्फीच हवी होती.

चेलाडी फाट्यावर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशी थांबलो. गुऱ्हाळवाली चरकात ऊस घालता घालता आमच्याकडे बघत होती.

"मावशी, यष्टी चुकली का काय?"

संदीप पुढे झाला. "नाही ताई, आम्ही सायकलने फिरतोय. मुलांना घेऊन. आनंदासाठी."

बाईने त्याच्याकडे बघितलं, लाल झालेल्या इराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळली. "खरं काय ते सांगा, मावशी. गाडी इकावी लागली का?"

आता हिला काय सांगणार? धडधाकट माणूस हौसेने लेकरांना उन्हात तळतोय, हे सांगायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "नवस हाय. वाडीच्या जानाईला."

"मंग आदी सांगायचं की वो!" बाईचा चेहरा लगेच निवळला. तिने आम्हाला बसायला बाकडं पुसून दिलं, सायकलींच्या चाकांवर पाणी घातलं, हँडलला हळदकुंकू लावलं. रस पिऊन निघालो, तर ती आतून नारळ घेऊन आली. "आमचा बी एवडा एक वाहा. पोराचं लगीन जमंना."

आमच्याकडे ही रीत आहे. कुणी देवाला निघालं, की वाटेतले लोक आपलाही नारळ त्याच्या हाती देतात. तो नाकारत नाहीत, आणि वाटेत फोडून तर मुळीच खात नाहीत.

"आई, हा नारळ आपण न्यायचा नाही," संदीप दातओठ खात म्हणाला. "मी ब्रशचे दांडे कापलेत!"

"मग जा, परत दिऊन ये."

तो गेला. बाईने त्यालाच हात जोडले. तो नारळासकट परत आला, आणि कपाळावर गंधही होतं.

तिथून पुढे फोनने आमचं काम केलं. गुऱ्हाळवालीची जाऊ पुढच्या गावात राहत होती. ती रस्त्यावर नारळ घेऊन उभी. तिच्या शेजारणी उभ्या. नवस मात्र गावागणिक वाढत गेला. पहिल्या गावात ओम आजारातून उठला होता. दुसऱ्या गावात माझ्या सुनेला बारा वर्षं मूल नव्हतं. आंबवण्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्याने संदीपच्या पोटाला हात लावून विचारलं, "मुतखडा पडला न्हवं?" संदीपने माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघितलं. गुंजवणीला पाणी कमी होतं, तरी म्हशी बसल्या होत्या. म्हशींना कळतं.

ओमला आता पाय ठेवायला जागा नव्हती. तो नारळांवर बसून गाणी म्हणत होता. मृणाल, माझी सून, तोंडाने काही बोलत नसे, पण दर नारळाला नवऱ्याकडे बघून हसायची. लग्नाला दहा वर्षं झाली तिच्या, आणि तिला हसायची संधी कमी मिळाली असावी.

पुढे बाभळीच्या काट्याने माझ्या सायकलीचं चाक बसलं. ठिगळाचं सामान कुठे आहे, तर वजन होतं म्हणून पुण्यात. शेळ्या घेऊन चाललेल्या एका बाप्याने मोटारसायकलवाल्या पुतण्याला फोन लावला आणि काम झालं. त्यानेही एक नारळ दिला. शेळ्यांसाठी.

या सगळ्या वेळात इरा सायकल मारत होती. दर वळणावर संदीप फोन वर धरायचा. "इरा, हसून हात कर! मज्जा येतेय ना?" ती हात करायची. फोन खिशात गेला, की हसूही जायचं. पाणी पिताना ती बाटली दोन्ही हातांनी धरायची, म्हाताऱ्या माणसासारखी.

मुक्काम मार्गासनीला, सुलोचनाकडे. ती आणि मी वाडीच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे ती अंगणवाडीत लागली. तिच्या ओसरीवर बुद्धाची तसबीर आहे आणि खाली थंडगार शहाबादी फरशी. पोरं त्या फरशीवर पालथी पडली ती हलेनात.

"आमी नवस मानत न्हाई," सुलोचनाने दारातच सांगितलं. "वांगं-भाकरी मानतो. हातपाय धुवा."

भाकरी थापता थापता तिने मला पकडलं. "पारू, तू कवापासनं नवस बोलाय लागलीस गं?"

"आज सकाळपासनं."

"तरीच." तिने भाकर उलटली. "हसतीस काय? पोरगी दमलीय. तोंड बघ तिचं. तिला कुनी इचारलंय का, उद्या चढायचंय का म्हनून?"

"तिचा बाप इचारंल."

"बाप फोनला इचारतोय."

मी जेवायला बसले. वांगं झणझणीत होतं. इराने अर्धी भाकर खाल्ली आणि तिथेच भिंतीला टेकून झोपली.

सकाळी लवकर निघालो खरे, पण निघताना शेजारच्या आळीतले नारळ आले, चाकांवर पाणी झालं, ओवाळणं झालं. वेल्ह्याच्या बाजारात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. समोर तोरणा भट्टीतल्या तव्यासारखा दिसत होता. डांबर चाकांना चिकटत होतं. मी म्हणाले, उन्हं कलेपर्यंत हितंच पडू. संदीप म्हणाला, एकच चढ राहिलाय, वर जाऊन पडू. आणि त्याने फोन बाहेर काढला.

चढाच्या पायथ्याशी करवंदं विकणाऱ्या बाया बसल्या होत्या, पुढ्यात डालगी (बांबूच्या मोठ्या टोपल्या) घेऊन. नवसाची बातमी त्यांच्यापर्यंत केव्हाच आली होती. त्या उठून आमच्या मागे चालू लागल्या. पहिल्या वळणापर्यंत इरा गेली. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे तिने पाय टेकला. चेहरा लालभडक, पण घामाचा टिपूस नव्हता. ते मला आवडलं नाही. गुराचंही असं झालं की आम्ही त्याला आधी सावलीत ओढतो, मग दुसरं काम.

"इरा, थोडंच राहिलंय!" संदीप फोनमागून ओरडला. "सगळे बघतायत!"

"संदीप, बास आता," मृणाल म्हणाली.

"अगं, दोनच वळणं! आता सोडलं तर आयुष्यभर सोडायची सवय लागेल."

आणि करवंदंवाल्या बाया दुसऱ्या बाजूने. "बाय माजी, नवस अर्ध्यात सोडू नगं गं! देवी कोपंल! मार पाय, मार!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करून ठेवलंय ते. एका बाजूने बाप, दुसऱ्या बाजूने देवी. पोरीने उतरायचं कुठे? तिने संदीपकडे बघितलं नाही, बायांकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

मी गादीवरून खाली उतरले. "नवस बोलली कोन?"

बाया थांबल्या. "कोन?"

"मी. माझा नवस मी नातीच्या गळ्यात घातला, ते चुकलं. जानाई माझ्या माहेरची हाय, तिला मी सांगते. हितनं वर मी चालत येनार. पोरगी बसंल."

बायांनी क्षणभर विचार केला. मग त्यातली थोरली म्हणाली, "व्हय, ह्ये बराबर. म्हातारीचा नवस म्हातारीनंच फेडावा. लेकराला कशाला वो उनाचं?" जणू इतका वेळ पाय मार म्हणून दुसरंच कुणी ओरडत होतं.

संदीप म्हणाला, "आई, पण मी सगळ्यांना सांगितलंय…"

"मग माझा काढ फोटू. आन आदी तिला त्या आंब्याखाली ने. पळ!"

तो पळाला. पोरीच्या मानेला हात लावला आणि त्याने तिला उचललंच. फोन त्याने कुठे टाकला ते नंतर शोधावं लागलं. मृणालने गादीवर अंथरलेलं माझं जुनं लुगडं भिजवून तिच्या डोक्याला आणि काखेत लावलं. करवंदंवालीने आपल्या किटलीतली आंबील (ताक घातलेली नाचणीची पातळ पेज) घोट घोट पाजली. ओमही गाणी थांबवून बघत होता. बऱ्याच वेळाने इराच्या कपाळावर घाम आला. घाम बघून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

"आजी, करवंदं खाऊ का?" ती म्हणाली.

मग मी रडणाऱ्यातली नसल्यामुळे तिला म्हणाले, "चीक लागंल तोंडाला. खा."

ऊन उतरल्यावर वर निघालो. इरा माझ्या गादीवर. मी तिची छोटी सायकल हाताने ढकलत. नारळ बायांनी आपल्या डालग्यांत घालून डोक्यावर घेतले. लांबलचक सायकलीची बॅटरी तिसऱ्या वळणावर मेली. संदीप ती ढकलत होता, पोरीसकट. पुढे चाललेली बाई मागे वळून म्हणाली, "मुतखडेवाले, दम खा जरा." त्याने नाही म्हटलं नाही, आणि मुतखडाही नाकारला नाही.

वाडीवर देवळापुढे गुरव नारळ फोडून दमला. प्रत्येक नारळाची एक वाटी देवीपुढे राहिली आणि दुसरी त्याने आमच्या पिशवीत टाकली. हे कशाला, संदीपने विचारलं. ज्याचा नारळ त्याच्या घरी प्रसाद पोचवायचा असतो, मी सांगितलं.

"म्हणजे परत तेवढंच ओझं?"

"अर्धं."

परतीला माझ्या भाच्याचा टेम्पो मिळाला. मागे सायकली आडव्या घातल्या आणि दारोदार प्रसाद वाटत आलो. सुलोचनाने प्रसाद घेतला नाही, पण खोबरं घेतलं, चटणीला. चेलाडीच्या गुऱ्हाळवालीने टेम्पोत डोकावून विचारलं, "पोचला का नवस?"

मी काही म्हणायच्या आत इरा म्हणाली, "पोचला. आजीनं फेडला."

शिवऱ्याला येऊन दोन दिवस झाले. मला माझ्या घरचा पंखा पुन्हा आवडायला लागला आहे. माहेरचा रस्ता मी गुरांबरोबर चालले, लग्नात बैलगाडीतून आले, मग कैक वेळा यष्टीने गेले. सायकलीवरून बघायचा राहिला होता, तोही बघितला. विशेष काही वेगळा नाही. उशिरा संपतो, एवढंच.

काल जेवताना संदीपने फोनवर नकाशा उघडला. माणूस हाडाचा चिवट आहे, हे माझ्याकडूनच आलं असावं. "पुढच्या उन्हाळ्यात भोरवरून घाट उतरून कोकणात जाऊ," तो म्हणाला. "इरा, या वेळी तू पूर्ण करशील. काय?"

मृणालचा हात भातावर थांबला. मीही चंची उघडली होती ती तशीच धरून बसले.

इराने आमटी भुरकली, वाटी खाली ठेवली. "नाही जमणार, बाबा," ती म्हणाली. "नवस फिटलाय. फिटलेला नवस परत करत नसतात. आजीला विचार."

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

संदीपने माझ्याकडे बघितलं. मी सुपारी कातरली, तोंडात टाकली, नीट चावली आणि मग सांगितलं, "पोरगी बराबर बोलतीया."