उतर खाली

दारव्ह्याहून पुण्याला निघाले तेव्हा बाबांनी स्वतः वर चढून माझी सायकल ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधली. आई खालून ओरडत होती, "एवढ्या दूर कायले नेऊन राह्यली ते?" बाबा दोरी आवळत म्हणाले, "नेऊ दे. कोनाच्या गाडीवर बसाची गरज नाही पडत तिले."

पुण्यात लॅबमध्ये नोकरी लागली होती. रूमपासून लॅबपर्यंत सायकल ट्रॅक आहे म्हटल्यावर मी खूश झाले. पण ट्रॅकवर पाणीपुरीची गाडी, पुढे विजेचा डबा, त्याच्यापुढे ओळीनं उभ्या मोटारी. सायकल तेवढी नाही. ट्रॅक सोडून रस्त्यावर उतरलं की मागून हॉर्न. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले, त्यांना हा हॉर्न ठाऊक आहे. तो 'बाजूला हो' म्हणत नाही, 'तू इथे कशाला' म्हणतो.

एके सकाळी ट्रॅकवरच्या मोटारीला वळसा घालताना कडेला उभ्या दुसऱ्या गाडीचं दार धाडकन उघडलं. मी पडले. डावं मनगट मोडलं. गाडीवाला उतरला, आधी दाराला ओरखडा पडला का ते पाहिलं आणि म्हणाला, "सायकल घेऊन मेन रोडवर यायचंच कशाला?" जमलेल्या लोकांनी माना हलवल्या. हवालदार आले, तेही त्याच्याच बाजूनं म्हणाले, "मिटवून टाका ना मॅडम."

माझं डोकं फिरलं. एका हातानं सायकल ओढत त्याच्या गाडीपुढे आडवी टाकली. पुणेरी मराठी कुठल्या कुठे गेली. "काहून मिटवू? हात माहा मोडला!" तक्रार लिहून घेतली तेव्हाच दवाखान्यात गेले. पुढे काही झालं नाही. विचारायला गेले की साहेब बाहेर असतात.

प्लास्टर निघाल्यावर गावी गेले. धाकटी बहीण, शीतल, गावाहून दारव्ह्याच्या कॉलेजला जाते, पण तिची सायकल घरात पडून. तिला जीपमध्ये दाटीवाटीनं बसवतात. बाबांना विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "रेतीचे टिपर लय धावून राह्यले आता. रस्ता आपला नाही राह्यला."

पुण्यातल्या त्या माणसाचा आला नव्हता एवढा राग मला त्या वाक्याचा आला. बाबांचा नाही. त्यांच्या तोंडून हे वदवून घेणाऱ्या सगळ्यांचा.

दुसऱ्या दिवशी दोघी सायकलींवर निघालो. फाट्यापुढे मागून टिपरचा हॉर्न सुरू झाला, लांबलचक. शीतलचं पुढचं चाक कडेच्या मुरुमाकडे वळलं.

"उतरू नको!" मी ओरडले.

टिपर हळू झाला, ड्रायव्हर शिवी हासडत बाजूनं गेला. समोरचा रस्ता रिकामाच होता, त्याला जागा हवी तेवढी होती. शीतल रडत होती आणि पायडल मारत होती.

आई विचारते, आता घर कोणतं, पुण्याचं की इथलं? माझं एकच म्हणणं आहे. ज्या रस्त्यावरून मी खाली उतरणार नाही, ते माझं घर. तो रस्ता पुण्याचाही आहे आणि दारव्ह्याचाही.