खळ लावलेला नाडा

कापसाला भाव आला त्या वर्षांत आमच्या भागात एकही वस्तू धड मिळत नव्हती, हे आता कोणी कबूल करत नाही. तेव्हाचे लोक ओट्यावर बसून त्या दिवसांच्या गोष्टी सांगू लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, वऱ्हाडात बारा महिने दिवाळीच चालू होती. मी त्या दिवसांत संसार केला आहे. मीठ घ्यावं तर ओलं, वजनाला भारी. तेलात काय मिसळलेलं असे ते तळल्यावर वासानेच कळे. सुई घ्यावी तर नेढं मोडलेलं. तक्रार करायला जावं तर दुकानदार म्हणे, घ्यायचं तर घे, मागे माणसं उभी आहेत. आणि खरंच उभी असत. सगळ्यांच्या हातात पैसा होता, म्हणून काहीही खपत होतं.

त्यातली एक वस्तू मी विसरले नाही. तिच्यापायी माझा नवरा मरता मरता वाचला आणि मळा हातचा जायला निघाला.

आमचा मळा अमरावतीपासून तीन कोसांवर, चांदूर बाजाराच्या वाटेला. वांगी, काकडी, थोडा कांदा. गावातल्या सगळ्यांनी भाजीपाला सोडून कापसाची पऱ्हाटी लावली होती, त्यामुळे आमच्या वांग्यांना अमरावतीत मागणी होती. ज्वारी इतकी महाग झाली होती की पावसाळाभर खायचं ते या वांग्यांच्या जिवावरच. म्हणून मळ्याला पाणी, आणि पाण्याला मोट, आणि मोटेला नाडा, म्हणजे ती ओढायचा दोर.

दरवर्षी आम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, अंबाडी पेरायचो. ती कापून नाल्यात कुजत घालायची, सोलून वाक, म्हणजे धागा, काढायचा आणि घरच्या घरी नाडा वळायचा. त्या वर्षी नवरा म्हणाला, धुऱ्यावरही पऱ्हाटीच लावू, दोर काय बाजारात मिळतो. मीही नाही म्हटलं नाही. तेवढी चूक माझी. बाकीची दुसऱ्यांची आहे आणि तीच मोठी आहे.

चैत्र लागता लागता जुना नाडा झिजला. नवऱ्याने अमरावतीहून नवा आणला, तिप्पट किमतीत. दिसायला तो आमच्या घरच्या नाड्याहून देखणा होता. गुळगुळीत, ताठ, चकाकणारा. सासूने हात फिरवला आणि म्हणाली, "लय कडक हाये रे बाबू. दोर असा काठीवानी नसते."

"आई, शहरातला माल हाये," नवरा म्हणाला. आमच्या घरात हे उत्तर त्या वर्षी सगळ्याच गोष्टींना चालत होतं.

पाचव्या दिवशी तो तुटला. भरलेली मोट वर यायची तर बैल उतरणीवरून खाली जातात, आणि हाकणारा ताणलेल्या नाड्यावर बसतो म्हणजे त्याच्या वजनाचीही ओढ लागते. नवरा तसाच बसला होता. मोट काठाशी आली होती. मी पाटाचं तोंड फोडत होते. फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. तुटलेलं टोक माझ्या कानावरून सणसणत गेलं आणि विहिरीवरच्या चाकाच्या खांबावर आपटलं. मोट विहिरीत गेली. ओढ एकाएकी सुटल्यामुळे बैल गुडघ्यांवर पडले आणि नवरा त्यांच्या मधे, जोखडाखाली. डावा बैल त्याच्या अंगावर उठला असता तर पुढचं सांगायचं कारण पडलं नसतं. पण बैल फुटलेल्या गुडघ्यांनिशी तसाच बसून राहिला. मी नवऱ्याला पाय धरून ओढून काढलं. त्याचा उजवा खांदा उतरला होता.

गाव जमा झालं. सगळ्यांनी सल्ले दिले, नाडा कोणी दिला नाही. गावात आणखी दोनच विहिरी चालत होत्या, आणि चैत्रात कोणी आपल्या मोटेचा नाडा सोडून देत नाही. मीही दिला नसता. दोर वळणारे कारागीर बडनेऱ्याकडे आगगाडीच्या सडकेवर माती टाकायला गेले होते. तिथे रोज पैसा मिळे.

चैत्रातल्या उन्हात काकडी पाण्याशिवाय तीन दिवस काढते, वांगी पाच. त्यातला एक दिवस गेला होता.

दुसऱ्या दिवशी दिराने मोट वर काढली आणि नाड्याला गाठ मारून बैल जुंपले. बसायचं नाही, चालत हाकायचं, असं मी बजावलं होतं. तिसऱ्या खेपेला नाडा दुसऱ्याच जागी तुटला. मग मी तो उकलला. वरून एक पदर अंबाडीचा. आत कवडी, म्हणजे कोणी घेत नाही तो किडका, पिवळा, पावसात सडलेला कापूस, पीळ देऊन भरलेला. आणि सगळ्यावर चिंचोक्याची खळ. ताठपणा खळीचा होता. पाच दिवस विहिरीत बुडून खळ धुतली गेली आणि आतलं सोंग उघडं पडलं.

तो दिवस मी आणि सासूने घागरीने पाणी शेंदून काढला. चार वाफे भिजले. मळ्यात साठ वाफे होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी नाड्याची दोन्ही भेंडोळी घेऊन वाटेवर उभी राहिले. कापसाने भरलेली एक बैलबंडी आली. बंडीवाले आबा म्हातारे होते, लांबच्या गावचे.

"कुठी चालली माय, एवढा दोर घेऊन?"

"ज्यानं देला त्याच्या गळ्यात घालाले."

"बस मंग," आबा म्हणाले. "मलेबी पाहाचं हाये."

दुकान अमरावतीच्या परकोटाच्या बाहेर होतं. पुढे दोर, गोणपाट, लोखंडी सामान. मागे कापसाची वखार. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस डोक्यावर टोपलं घेऊन आमच्या गावात हिंग-जिरं विकायला येई आणि माझ्या सासूकडून ताक मागून पिई. आता तो गादीवर बसला होता आणि मला ओळखत नव्हता. वखारीपुढे बंड्यांची रांग लागली होती.

मी भेंडोळी गादीसमोर टाकली. "शेटजी, हा नाडा तुमच्या इथचा हाये."

"असंन. रोज पन्नास जाते."

"पाचव्या दिवशी तुटला. मानूस मरत होता."

"मेला तं नाई ना? बैल जोरात हाणले असतीन."

"बैल मोटेचे हायेत, शंकरपटात पळाचे नाई."

"मंग चाकाले धार असंन."

"चाक तेच, इहीर तेच, बैल तेच. नवा तं तुमचा नाडाच हाये."

तो गड्याशी बोलायला वळला. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने त्याला पुन्हा माझ्याकडे पाहावं लागलं.

"बाई, माल अकोल्याहून येते. आमी काय घरी वळून राहिलो काय? अकोल्याच्या व्यापाऱ्याले इचारा."

"अकोल्याले गेली तं तो म्हनन, मुंबईले जा. नाडा तुमी इकला. मी तुमाले इचारून राहिली."

"अवो, पानी लागलं की दोर नरमच पडते!"

"मोटेचा नाडा हाये हा, शेटजी. त्याले पानी नाई लागन तं काय लागन? दूध?"

रांगेतले बंडीवाले हसले. त्याला ते आवडलं नाही. मला आवडलं. दुकानात बादली होती, तिच्यात पाणी होतं. मी त्याच्या ढिगातून एक कोरा नाडा ओढला आणि टोक बादलीत बुडवून चोळलं. पाणी पेजेसारखं झालं. पीळ उलटा दिला तेव्हा आतून पिवळा कापूस बाहेर आला. तो मी गादीवर ठेवला.

आबा पुढे आले. त्यांनी तो कापूस चिमटीत धरून पाहिला. "बापा रे! हाच कापूस मागच्या साली यानं माया बंडीतून काढून फेकला. म्हने, कवडी हाये, आमी घेत नाई. घेत नाई मंग नाड्यात कुठून आला रे?"

"तुमी गप राहा हो आबा!"

"याचेच दोर माया बंडीले हायेत," मागून कोणी तरी म्हणालं आणि आपल्या बंडीकडे पाहायला गेलं. आणखी दोघे गेले.

दुकानदाराने आवाज खाली आणला. "बाई, पैसे वापस घे. जा."

"पैसे ओवून मोटेले बांधू काय? मले पानी काढाचं हाये."

"मंग दुसरा नाडा घे."

"दुसराबी याचाच भाऊ."

हे मी बोलले खरं, पण नाडा मला हवाच होता. ऊन चढत होतं. बाजारात दुसरी दोनच दुकानं दोराची होती आणि येताना मी त्यांच्या ढिगांवर हात फिरवला होता. तिथेही तोच गुळगुळीतपणा. मी रिकामी परत गेले असते तर भांडण जिंकून मळा वाळवला असता.

तेवढ्यात वखारीतून हमालांची हाक आली. वखारीला माडी होती. माडीच्या तुळईला चाक बसवलेलं होतं, आणि त्यावरून कापसाचे बोजे वर ओढत होते. चार हमाल अंगणात लांब चालत जाऊन दोर ओढत. दोर मनगटाएवढा, काळपट, केसाळ. घामाने आणि तेलाने मऊ झालेला. त्याच्यात खळीचा पत्ता नव्हता. बोजा वर गेला, आत घेतला, दोर सैल होऊन अंगणात पडला. त्याचं वेटोळं झालं.

मी गेले आणि त्या वेटोळ्यावर बसले.

"हे काय करून राहिली बाई? ऊठ!"

"मले हा पाहिजे."

"तो इकाचा नाई!"

"म्हनूनच पाहिजे."

त्याने हमालांकडे पाहिलं. हमाल एकमेकांकडे पाहू लागले. परक्या बाईच्या अंगाला हात कोण लावणार? सगळ्यात थोराड हमाल मांडी घालून सावलीत बसला आणि त्याने तंबाखू काढली. बंड्या अडल्या. बैल उन्हात. मागच्या बंडीवाल्यांना काय झालं ते कळेना, ते ओरडू लागले. कोणी म्हणालं, पलीकडच्या वखारीत नेऊ माल. दुकानदार घामाघूम झाला. त्याने मला शिव्या दिल्या. मीही दिल्या. माझ्या जास्त चांगल्या होत्या, कारण मी गावात राहते.

"हा दोर तुले देला तं मी बोजे कशानं चढवू?" तो ओरडला.

"तुमच्या दुकानात दोर नाई काय? एवढा ढीग पडला हाये. लावा ना त्यातला चाकाले."

तंबाखू मळणाऱ्या हमालाने मान वर केली. "शेटजी," तो सावकाश म्हणाला, "त्या दोरावर बोजा चढवाचा असंन तं खाली तुमी उभं राहा. आमी नाई."

हमालाला दुकानदार काढून टाकू शकला असता, पण सडकेच्या कामापायी अमरावतीत हमाल मिळत नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं. ज्या टंचाईवर तो आम्हाला नाडत होता, तीच त्याच्या मानेवर बसली.

"घेऊन जा," तो म्हणाला. "पुन्हा या दुकानाची पायरी चढू नको."

"तुमी बलावलं तरी नाई येनार."

दोर चाकावरून उतरवायला हमालांनीच मदत केली. त्यांना मजा वाटत होती. मला नव्हती वाटत. आज त्या दुकानदाराबद्दल कोणी चांगलं बोललं, की त्याने पुढे धर्मशाळा बांधली वगैरे, तर मी ऐकून घेते आणि दुसरा विषय काढते.

आबांची बंडी उशिरा रिकामी झाली. त्यांनी मला आमच्या वाटेपर्यंत सोडलं. चौथ्या दिवशी उजाडताच दिराने नाडा चढवला. नवरा हात गळ्यात बांधून विहिरीवर येऊन बसला होता आणि दिराला सांगत होता, असं कर, तसं कर. मी म्हटलं, "तुमी गप बसा. शहरातला माल हाये."

पहिली मोट वर आली. दोर ताणला, कुरकुरला, टिकला. दुसरी आली. दहावी आली. मी पाटाजवळ फावडं घेऊन उभी होते. पाणी काकडीच्या वाफ्यांकडे निघालं, कारण पाट आधी तिकडेच जातो. वेलांची पानं कागदासारखी झाली होती. मी एक वेल नखाने खरवडून पाहिला. आतही कोरडा. दुसरा पाहिला. तोही तसाच. वांग्यांची पानं मात्र खाली लोंबत होती, पण देठ हिरवे होते.

सासू म्हणाली, "दोन वाफे पाजून तं पाह्य. एखादा येल जगन."

"नाई जगत," मी म्हटलं, आणि काकडीकडे जाणाऱ्या पाटावर माती ओढून तो बुजवला. पाणी थोडा वेळ तिथेच फिरलं, तुंबलं, आणि मग वांग्यांकडे वळलं.