काकांच्या चपला

मिरज स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर आम्ही हौशी मंडळी दर रविवारी जुन्या रेल्वेचे फोटो बघत बसतो. आम्ही इंजिनं बघतो. एक निवृत्त गँगमन काका येतात, ते फक्त रूळ बघतात. "हितं खडी कमी हाय," एवढंच बोलतात. मधेच एखाद्या फोटोला मात्र चपला काढतात, बघून झाला की घालतात. आम्ही हसायचो.

परवा कवठे महांकाळजवळच्या वळणाचा फोटो बघताना त्यांनी चपला काढल्या, तेव्हा मी कारण विचारलंच.

"गाडीखाली गेलेलं माणूस हितनं आमीच गोळा केलं. तसल्या जागंवर चपला काढूनच चालायचं, ही आमच्या गँगची रीत."

हे सगळे फोटो मीच जमवलेत. आता चाळताना इंजिन दिसत नाही. काकांनी कुठंकुठं चपला काढल्या होत्या, तेवढंच आठवत जातं.