उरलेले उपवास

"वहिनींना घेऊन आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा. कपडे-बिपडे भरत बसू नका. रक्तात पोटॅशियम फार वाढलंय."

आमचे फॅमिली डॉक्टर फोनवर हे सांगत होते तेव्हा सुनंदा, म्हणजे माझी बायको, समोर सोफ्यावर बसून शहाळ्याचं पाणी पीत होती. हार्ट अटॅक, शुगर, कॅन्सर हे शब्द आमच्या वयाच्या माणसांच्या ओळखीचे असतात. पोटॅशियम हा शब्द मी शाळेनंतर ऐकलाच नव्हता. मी विचारलं, "उद्या सकाळी नेलं तर?"

"उद्याचं उद्या. आत्ता नेलंत तर उद्या आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हे लिहितोय ते ज्यांच्या घरात बीपीच्या गोळ्या आणि उपवास दोन्ही आहेत अशांसाठी. म्हणजे पुण्यातल्या जवळजवळ सगळ्यांसाठीच.

सुनंदाला बीपीचा त्रास जुना. त्यासाठी टेल्मिसार्टन नावाची गोळी चालू होती. मध्यंतरी पायांवर सूज येऊ लागली, तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन म्हणून आणखी एक गोळी दिली. ही गोळी अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढून टाकते, पण पोटॅशियम मात्र आत धरून ठेवते. पहिली गोळीही थोडंफार तेच करते. हे मला आता कळतं. तेव्हा आम्ही एवढंच ऐकलं होतं की मीठ कमी करा आणि अधूनमधून रक्त तपासा.

मीठ कमी केल्यावर घरात सगळ्यांचीच तोंडं वाकडी झाली. मग मृणालने, आमच्या मुलीने, कमी सोडियमचं मीठ मागवलं. "आई, हेल्दी आहे, बिनधास्त घाल," असं ती म्हणाली. त्यात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. पाकिटावर तसं छापलेलंही असतं. मिठाचं पाकीट कोण वाचतं?

आणि मग नवरात्र बसलं.

आमच्याकडे घट बसल्यापासून उठेपर्यंत उपवास असतो. हा माझ्या आईचा नेम. आईमागे तो सुनंदाने उचलला. नेम कडक आहे. साबुदाण्याची खिचडी चापून करायचा तो उपवास कसला, असं आईचं मत होतं. त्यामुळे साबुदाणा नाही, भगर नाही, चहासुद्धा नाही. फळं, कंद आणि दूध. म्हणजे केळी, उकडलेली रताळी, बटाटे, खजूर. मिठाचं नवं पाकीट खास उपवासासाठी वेगळं फोडलं, तेही अर्थात हेल्दी.

घट बसून थोडे दिवस झाले आणि सुनंदाचे पाय जड पडू लागले. जिना चढताना ती कठड्याला धरून थांबायची. छातीत फडफडल्यासारखं होतं म्हणाली. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांचं निदान एकच, उपवासाचा अशक्तपणा. औषधही एकच, शहाळं. जी यायची ती शहाळं घेऊन यायची. बिबवेवाडीतली निम्मी शहाळी त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात असावीत. सुनंदा जितकं पाणी प्यायली तितकी ढासळत गेली आणि जितकी ढासळली तितकं आम्ही तिला पाजलं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं हे आमच्यापैकी एकाही शहाण्याला ठाऊक नव्हतं.

शेवटी मी तिला जबरदस्तीने रक्त तपासायला नेलं आणि दुपारी तो फोन आला.

मी गाडी काढली. नवरात्रात स्वारगेटला काय परिस्थिती असते ते पुणेकरांना सांगायला नको. सिग्नल तीनदा हिरवा झाला आणि आम्ही जागेवरच. शेजारी सुनंदा मान टेकून डोळे मिटून बसलेली. मला वाटलं, ही बोलायची थांबली तर मला कळणार कसं? म्हणून मी काहीही विचारत राहिलो. समईत तेल कोण घालणार? कुमारिकांना काय द्यायचं ठरलंय? "मृणालला सांगितलंय सगळं. गप्प बसा हो जरा," ती म्हणाली. तिने डाफरलेलं इतकं गोड मला कधी लागलं नव्हतं.

हॉस्पिटलात इमर्जन्सीला तिला खाटेवर घेतलं आणि छातीला वायरी लावून ईसीजी काढला. तो कागद पाहून तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई एकदम भरभर चालू लागल्या. मीही त्यांच्या मागे तेवढ्याच भरभर गेलो.

"काका, याला हायपरकलेमिया म्हणतात. रक्तातलं पोटॅशियम प्रमाणाबाहेर वाढलंय. हृदयाचे ठोके त्याच्यावर चालतात. फार वाढलं तर ठोका चुकतो, कधी कधी थांबतो. मी आधी कॅल्शियमचं इंजेक्शन देतेय. त्याने पोटॅशियम कमी होणार नाही, पण हृदय सांभाळलं जाईल. मग ग्लुकोज आणि इन्सुलिन."

"तिला डायबेटिस नाही," मी म्हणालो.

"माहितेय. इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींच्या आत ढकलतं, म्हणून."

इंजेक्शन चालू असताना डॉक्टरीणबाई मॉनिटरकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे. मॉनिटर मला वाचता येत नव्हता. जरा वेळाने त्यांनी मला बाजूला घेतलं. गोळ्या कुठल्या? सांगितल्या. काढा, चूर्ण, घरगुती काही? काही नाही. उपवास? नवरात्राचे. खाण्यात काय? मी यादी म्हणत गेलो आणि त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. मीठ कुठलं? कमी सोडियमचं, हेल्दी.

"म्हणजे गोळ्यांनी बाहेर जायचं दार बंद केलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही आत भरत होता."

मला कुणावर चिडावं तेच कळेना. नेमकी त्याच वेळी सुनंदाची धाकटी बहीण लता आली. हातात थर्मास. "भाऊजी, ताईसाठी शहाळ्याचं पाणी आणलंय, ताजं आहे." बिचारीचा काय दोष, पण मी तिच्यावर असा खेकसलो की वॉचमन उठून उभा राहिला. थर्मास मी तिच्या हातातून हिसकावून घेतला होता. लता रडायला लागली. मग मीही रडलो.

सुनंदाला आयसीयूत हलवलं. काही तासांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा उतरत होता, पण धोका टळलेला नव्हता, कारण आत ढकललेलं पोटॅशियम पुन्हा बाहेर येऊ शकतं. ते शौचावाटे निघून जावं म्हणून एक पावडर चालू केली. आता पोटात अन्न जायला हवं होतं, कारण इन्सुलिनने साखर खाली येत होती.

"उपवासाचं जे जे चालतं ते सगळं बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फळं, बटाटा, रताळं काही नाही. साधा भात चालेल. वर तूप घाला हवं तर."

ताट आलं. सुनंदाने तोंड फिरवलं.

"घट उठेपर्यंत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी समजावलं. सिस्टरांनी समजावलं. लताने हात जोडले. सुनंदा डोळे मिटून पडून राहिली. सलाइनमधून ग्लुकोज चालूच होतं, पण तेवढ्यावर साखर टिकत नव्हती. बोटातून थेंब काढून तपासली की प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी. तिला घाम फुटू लागला होता. देवधर्मावरून मी आयुष्यभर टिंगल करत आलोय आणि तिथेही मी तेच करायला गेलो. "देवीला तुझा रिपोर्ट दिसत नाही का?" असं म्हणालो. तिने डोळे उघडले नाहीत.

मग मी स्टूल ओढून तिच्या कानाशी बसलो.

"सुनंदा, मला भीती वाटतेय गं," मी म्हणालो. "उरलेले उपवास मी करतो. घरातल्या दुसऱ्या माणसाने पुरे केले तर चालतं ना?"

तिने डोळे उघडले. "तुम्ही? तुम्हाला अकरा वाजता भूक लागते."

"लागू दे."

"चहा चालणार नाही."

"चहा सगळ्यांच्या उपवासाला चालतो."

"तुमच्या आईच्या नेमात नाही चालत."

"बरं. चहापण नाही."

तिने मला नीट निरखलं. मी खरंच करीन की नाही याचा अंदाज घेत असावी. मग तिने तोंड उघडलं. मी चमच्याने तूपभात भरवला. पहिला घास गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.

मला कुठली गोळी चालू नाही, तरी डॉक्टरांना विचारूनच मी केळ्याला हात लावला. एवढं शहाणपण एव्हाना आलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिला घरी सोडलं. एक गोळी बंद झाली, दुसरीचा डोस बदलला. ते डॉक्टरांनी ठरवलं. तुम्ही हे वाचून आपल्या मनाने गोळ्या थांबवू नका, त्यानेही माणसं दगावतात. फक्त उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि ते विचारतील त्याच्यापेक्षा जास्त सांगा. मीठ, रस, शहाळं सगळं सांगा. आपल्याला ते औषध वाटत नाही, पण शरीर त्याचाही हिशेब ठेवतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांचे आणि त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार फिटणारे नाहीत. शहाळी आणणाऱ्या बायकांवर माझा राग नाही. त्या सगळ्या तिच्यासाठीच धावत आल्या होत्या.

दसऱ्याला घट उठले. मृणालने पुरणपोळ्या केल्या, सुनंदाने बसल्या बसल्या तिला सूचना दिल्या. पारण्याचं ताट मला वाढलं. चहा पोटात गेल्याशिवाय बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण सुनंदाने विचारलंच.

"देवीकडे काय मागितलंत?"

"मागायचं असतं हे तू सांगितलं नव्हतंस."

"अहो, मग एवढे उपवास केलेत कशासाठी?"

तिच्या ताटात भात होता आणि ती तो कालवत होती.

"तू जेवावंस म्हणून," मी म्हणालो.