बांबूची नळी

"अन् हा बांबू कोणी खुपसला इथं?" ऑर्गनच्या पोटातूनच मी ओरडलो.

माझं नागपूरला पेटीदुरुस्तीचं दुकान. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्या आपल्या पायपेट्या माझ्याकडेच आणायच्या. पण साकोलीकडच्या त्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन होता. हे प्रकरण वेगळं. यात प्रत्येक सुराला एक उभी नळी असते. मागून एकानं भाता ओढायचा, पुढून पट्टी दाबायची; हवा नळीत शिरते आणि सूर निघतो. सगळ्या नळ्या सागवानी, आणि मधे हा एकच बांबू! त्याचा सूर उन्हाळ्यात चढायचा, पावसाळ्यात उतरायचा.

"बदलून टाका मिस्त्री," नवे फादर म्हणाले. "नाताळला बिशप येणार आहेत."

भात्याचं चामडं बदललं, नवी सागवानी नळी बसवली. काय आवाज निघाला! मी स्वतःवरच खूश. ऑर्गन वाजवणाऱ्या मार्थाबाई बाजूला बसून होत्या. मी फेकलेला बांबू त्यांनी उचलला आणि पदरानं पुसला.

"बाई, चुलीत घाला तो."

"राहू द्या."

संध्याकाळी गाण्याची तालीम झाली. पहिल्याच गाण्यात मधे भोक! एक सूर गायब. धावत मागे गेलो. नळी ठणठणीत. दुसऱ्या गाण्यात पुन्हा तेच. मग बाईंच्या बोटांकडे पाहिलं. त्या पट्टीपाशी आलं की बोट उचललं जायचं.

माझं डोकं फिरलं. "काहून सोडता तो सूर? नळी तं चांगली वाजून राहिली!"

"बोटच जात नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "जुनी नळी वाळवीनं खाल्ली, तं आमच्या ह्यांनी, मास्तरनं, घरच्या बांबूची केली होती. ते गेले. आवाज तेवढा राहिला होता मले."

आणि तोच बांबू मी चुलीत घालायला सांगितला होता!

फादर आले. "झालं का?"

"नाही. बांबू परत लावतो."

"अहो, बेसूर आहे तो! बिशप काय म्हणतील?"

"थोडा बेसूर चालेल, फादर. वाजलाच नाही तर काय सांगाल?"

फादरांनी बाईंकडे पाहिलं. मी मास्तरांचं सांगितलं. "लावा," म्हणाले.

मेण लावून बांबू जमेल तेवढा सुरात आणला. पुरता आलाच नाही. नाताळच्या प्रार्थनेत बाईंनी एकही पट्टी सोडली नाही. बाहेर पडताना बिशपांनी विचारलंच, "एक सूर जरा वेगळा लागतो का हो?"

"हो," फादर म्हणाले, "तो आमच्या मास्तरांचा आहे."

सागवानी नळी अजून माझ्या दुकानात पडून आहे. बांबू कोणी खुपसला, हे मी तेव्हाही विचारलंच होतं. उत्तराला थांबलो मात्र नव्हतो. आता थांबतो.